‘नेहमीसारखाच’ म्हणजे नेमका कसा?

ताई,

मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तीन वाटा दिसतात: सॉफ्टवेअर, शिक्षकी पेशा आणि हवामानशास्त्र. तिन्हींची माहिती गोळा केली आहे. अभ्यासक्रम किती वर्षांचा, प्रवेश कसा मिळतो, पुढे काय संधी, सगळं वहीत लिहून ठेवलंय. कळत नाही ते एवढंच, की ही माणसं दिवसभर करतात काय?

आई नर्स आहे, बावीस वर्षं झाली. मी तिला रोज विचारते, ‘कसा होता दिवस?’ ती म्हणते, ‘नेहमीसारखाच.’ मामा एका कंपनीत मोठा मॅनेजर आहे. त्याला विचारलं तर ‘मीटिंगा’ म्हणतो आणि हसतो. मोबाईलवर ‘माझा एक दिवस’ छापाचे व्हिडिओ ढिगाने पाहिले. सगळे पहाटे पाचला उठतात, पळायला जातात, लॅपटॉप उघडतात आणि मग एकदम संध्याकाळच होते. मधले आठ तास जातात कुठे?

वेगवेगळ्या व्यवसायांतला साधारण दिवस तुम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत, तासातासाने लिहून द्याल का? म्हणजे मला ठरवता येईल.

— मधल्या आठ तासांच्या शोधात

*

तासातासाचा तक्ता मी देणार नाही, हे आधीच सांगते. लिहायला काही अवघड नाही. नऊ ते दहा अमुक, दहा ते अकरा तमुक, अर्ध्या तासात होईल आणि तुझ्या वहीत छान चिकटवताही येईल. पण तो त्या व्हिडिओंइतकाच खोटा असेल. का, ते सांगायला माझीच एक सकाळ सांगते.

हे सदर हाती येण्याआधी मी नऊ वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, ‘रक्त तपासते.’ खरं म्हणजे सकाळी सातला गेल्यावर पहिला तासभर रुग्णाचं रक्त मशिनला दाखवायचंच नसे. आधी कंट्रोल लावायचे. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं द्रावण. मशिनने ते उत्तर ठरल्या मर्यादेत दिलं तर ठीक, नाही तर मशिन खोटं बोलतंय. मग पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे मशिनची मापं जुळवणं, पुन्हा कंट्रोल. तोवर ट्रेमध्ये नळ्यांचा ढीग. जांभळ्या झाकणाची नळी पेशी मोजायला, निळी रक्त गोठण्याच्या तपासणीला, करडी साखरेला. त्या करड्या नळीत फ्लोराईड असतं, कारण शरीराबाहेर आलेल्या पेशीसुद्धा नळीत बसून साखर खात राहतात. लाल नळी अर्धा तास नुसती उभी ठेवायची, रक्त गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या मशिनमध्ये, लावायची. तीही समोरासमोर तोलून. नळ्यांची संख्या विषम झाली की जोडीला पाणी भरलेली नळी.

सेंट्रिफ्यूज थांबलं की झाकण उघडायचं आणि श्वास रोखून वरचं सीरम, म्हणजे पेशींवर तरंगणारं पाणी, बघायचं. पिवळसर असलं की पुढे जायचं. गुलाबी दिसलं की पोटात गोळा. रक्त काढताना किंवा आणताना तांबड्या पेशी फुटल्यात, आता पोटॅशियम खोटंच वाढलेलं येणार. म्हणजे वॉर्डला फोन करायचा, ‘सॅम्पल पुन्हा पाठवा’ म्हणायचं आणि पलीकडचा वैताग ऐकून घ्यायचा. त्या वैतागलेल्या बाईंच्या जागी तुझी आईही असू शकते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि मग स्लाईड. काचेवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या काचेने तो ओढून पातळ पदर करायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. काउंटरला प्रत्येक जातीच्या पेशीसाठी वेगळी कळ. डोळा वर लावलेला, बोटं खाली आपोआप चालतात. कट, कट, कट-कट, कट. शंभर झाल्या की टिंग अशी घंटी. दिवसाला अशा तीसेक स्लाईड. ऐकणाऱ्याला हे काम भयंकर कंटाळवाणं वाटतं. मला ते इतकं आवडायचं की आजही कुठे घंटी वाजली की बोटं हलतात.

मग सोडलं का? फोनमुळे. ‘रिपोर्ट झाला का?’ हा एकच प्रश्न, दिवसभर. एकदा चिडून मी एका कागदावर रेघा ओढत गेले तर संध्याकाळी सेहेचाळीस निघाल्या. सत्तराव्या पेशीवर फोन वाजला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रक्ताची भीती वाटेल का, वासाचा त्रास होईल का, सगळ्यांनी विचारलं होतं. फोन किती येतात हे कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. अभ्यासक्रमात तर तो विषयच नव्हता.

तेव्हा तुझ्या आईवर रागावू नकोस. ‘नेहमीसारखाच’ हे टाळण्यासाठी दिलेलं उत्तर नाही. एकसारखे दिवस मनात एकावर एक रचले जातात आणि वरचा तेवढा दिसतो. जो दिवस वेगळा गेला, आग लागली, रुग्ण दगावला, सर्व्हर बंद पडला, तोच माणसाला सांगता येतो. म्हणून ‘तुमचा साधारण दिवस कसा असतो?’ असं विचारलं की दोनपैकी एक मिळतं: एक शब्द किंवा एक थरारकथा. साधारण दिवस कुणाच्याच आठवणीत नसतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक साधी युक्ती मांडली. अमेरिकेत टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना त्यांनी ‘आयुष्य कसं चाललंय’ असं मोघम विचारलं नाही. कालचा दिवस घ्या, म्हणाले, सिनेमात एकामागून एक प्रसंग असतात तसे त्याचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकडा कधी सुरू झाला, कधी संपला, सोबत कोण होतं आणि तेव्हा काय वाटत होतं ते लिहा. मोघम प्रश्नाला जे हाती लागत नाही ते कालच्या दिवसात लागतं, कारण काल अजून पुरता विरघळलेला नसतो.

तूही हेच कर. ‘काल’ विचार. आणि काल म्हणजे कालच. ‘तसं काल जरा वेगळं होतं, एरवी आम्ही...’ असं कुणी सुरू केलं की हसून थांबवायचं. कालचंच सांगा म्हणायचं. एरवीचा दिवस अस्तित्वातच नसतो, सगळे दिवस जरा वेगळेच असतात.

आता सांगणाऱ्याचा काल ऐकताना कान कुठे लावायचा, ते माझ्या अनुभवाने सांगते. पहिलं म्हणजे, त्या माणसाच्या दिवसाचं घड्याळ कुणाच्या हातात आहे.

तुझ्या हवामानशास्त्राचंच घे. जगभरात नऊशेच्या आसपास ठिकाणांहून दिवसातून दोनदा हवामानाचे फुगे सोडतात. वेळ सगळ्यांची एकच: ग्रीनिचच्या घड्याळातली मध्यरात्र आणि दुपारचे बारा. प्रत्यक्षात फुगा त्याआधी तासभर सुटतो, कारण त्याला वर जायला वेळ लागतो. हायड्रोजन किंवा हेलियम भरलेला तो फुगा मिनिटाला साधारण तीनशे मीटर चढतो, खाली लटकलेलं छोटं यंत्र तापमान, आर्द्रता, दाब कळवत राहतं आणि तीसेक किलोमीटरवर फुगा फुगून फुगून फुटतो. आता विचार कर. ग्रीनिचची मध्यरात्र कुणाची पहाट असते, कुणाची भरदुपार. तुझ्या वाट्याला जी येईल ती. त्या दिवशी तुझ्या भावाचं लग्न असो, घड्याळ हलत नाही. कारण एका ठिकाणची नोंद चुकली की पृथ्वीच्या त्या क्षणाच्या चित्राला तेवढं भोक पडतं. मला स्वतःला यात काहीतरी भारी वाटतं, एकाच वेळी शेकडो अनोळखी माणसं आकाशाकडे बघत दोरी सोडताहेत. पण हा माझा रोमँटिकपणा झाला. तुला पहाटे उठवतं का, ते तू बघ.

आणि फुगा सोडणं हे काही अंदाज वर्तवणाऱ्याचं काम नव्हे, ते निरीक्षकाचं. अंदाज वर्तवणाऱ्याचा दिवस पडद्यांसमोर जातो. ड्युटी घेताना आधीच्या माणसाकडून समजून घ्यायचं की रात्री काय घडलं. मग एक काहीसा अपमानकारक भाग: काल आपण काय म्हटलं होतं आणि झालं काय, ते ताडून बघायचं. हवामानाचं गणित करणारी संगणकावरची वेगवेगळी मॉडेल वेगवेगळं सांगत असतात, त्यांतलं आज कुणाचं ऐकायचं ते ठरवायचं. विमानतळांसाठीचे अंदाज साधारणपणे दर सहा तासांनी नवे द्यायचे, मध्ये ढग उतरले तर सुधारायचे. आणि दिवसातला बराच वेळ शब्दांवर जातो. ‘पाऊस पडेल’ आणि ‘पावसाची शक्यता’ यांतला फरक भौतिकशास्त्रात शिकवत नाहीत. तो निवडताना हात थरथरतो, असं या क्षेत्रातल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं. पाऊस त्यांच्या खिडकीबाहेर पडत असतानाही त्या पडद्याकडेच बघत असतात, हेही त्यांनीच सांगितलं.

ज्यांचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात असतं अशी कामं खूप आहेत. गायी म्हशी दिवसातून दोनदा दूध काढून मागतात, त्यांना रविवार कळत नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढवणारा संशोधक सुट्टीच्या दिवशीही त्यांना नवं द्रावण घालायला येतो. हवाई वाहतूक नियंत्रक तर घड्याळाशी उलट्या बाजूने बांधलेला: ब्रिटनमध्ये नियम आहे की सलग दोन तासांपेक्षा जास्त त्या खुर्चीत बसायचं नाही, मग किमान अर्धा तास उठायचंच. उठतानाही ‘चल, येतो’ म्हणून जाता येत नाही. आकाशातली सगळी विमानं नव्या माणसाच्या डोक्यात उतरवून द्यावी लागतात. या कामाची एक गंमत म्हणजे खुर्चीवरून उठलं की काम संपतं. घरी काहीच नेता येत नाही.

शिक्षकाचं नेमकं उलट. घंटा दिवसाचे तुकडे पाडते, म्हणून बाहेरून वाटतं की किती आखीव आयुष्य. पण घंटेत मावतं ते शिकवणं, आणि शिकवणं म्हणजे कामाचा अर्धा भाग. ओईसीडी या अनेक देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१८ मध्ये अनेक देशांतल्या शिक्षकांचं सर्वेक्षण केलं, त्यातही आठवड्याच्या एकूण कामाच्या वेळातला निम्म्याच्या आसपासच वेळ वर्गात शिकवण्यात जातो असं दिसलं. उरलेला कुठे? साधा हिशेब कर. चाळीस वह्या, एका वहीला तीन मिनिटं, झाले दोन तास. हा एका वर्गाचा एका विषयाचा हिशेब, आणि तीन मिनिटांत वही नीट तपासून होत नाही, फक्त तांबडी खूण होते. शिवाय उद्याच्या तासाची तयारी, पालकांचे फोन, भरायचे तक्ते, आणि तो एक मुलगा जो आठवडाभर गप्प आहे, त्याच्याशी बोलायचं कधी, तर मधल्या सुट्टीत. म्हणजे स्वतःची मधली सुट्टी गेली. माझी मैत्रीण गणित शिकवते. ती म्हणते, तासाला मी दमत नाही, दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत दमते.

तू शिक्षक होण्याचा विचार करत असशील तर चांगलं शिकवणाऱ्यांचा तास बघून भारावून जाऊ नकोस. रविवारी संध्याकाळी एखाद्या शिक्षकाच्या घरी जाऊन बस. वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघून तुझ्या मनात काय येतं, तो खरा प्रश्न.

कान लावायची दुसरी जागा ही: कामाच्या नावात जे दिसतं ते दिवसाचा किती भाग असतं? बहुतेक ठिकाणी लाजिरवाणं कमी. डॉक्टर म्हणजे रुग्ण तपासणारा, बरोबर? अमेरिकेत ५७ डॉक्टरांच्या मागे निरीक्षक लावून वेळ मोजला होता. अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकातल्या नोंदींवर आणि टेबलावरच्या कामात जात होते. खगोलशास्त्रज्ञ म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून बसलेला माणूस? मोठ्या दुर्बिणीवर वर्षातून मोजक्या रात्री मिळतात, त्याही आधी अर्ज करून, बाकीच्यांशी स्पर्धा करून. आणि नेमके त्या रात्री ढग आले तर ढग. बाकीचं वर्ष आकडे साफ करण्यात, प्रोग्रॅम लिहिण्यात, लेख लिहिण्यात आणि पुढचा अर्ज करण्यात. अग्निशमन दलाचा जवान रोज आगीत उडी घेत नाही, पण ड्युटी लागली की श्वसनयंत्राच्या सिलिंडरचा दाब मात्र रोज तपासतो.

सॉफ्टवेअरबद्दल तर गैरसमजच गैरसमज. आयबीएम या संगणक कंपनीत ओएस/३६० या संगणकप्रणालीच्या अवाढव्य प्रकल्पाची धुरा सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये स्वतःचा ठोकताळा मांडला: कामाचा १/३ वेळ आखणीत, १/६ प्रत्यक्ष कोड लिहिण्यात आणि उरलेला निम्मा तपासण्यात, आधी सुटे भाग, मग सगळं एकत्र. म्हणजे तू ज्याला प्रोग्रॅमिंग समजतेस ते सहातला एक भाग. साधनं तेव्हापासून पार बदलली आहेत, आता तर कोडही मशिन बऱ्यापैकी लिहून देतं. त्याने तो सहावा भाग आणखी आकसतो, बाकीचा तिथेच राहतो.

मग प्रोग्रॅमर दिवसभर करतो काय? वाचतो. दुसऱ्याने लिहिलेला कोड, स्वतः सहा महिन्यांपूर्वी लिहिलेला आणि आता दुसऱ्याचाच वाटणारा कोड, चूक दाखवणारे संदेश, तिकिटं म्हणजे तक्रारींच्या नोंदी. सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याउभ्या मीटिंग: काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय. बघ, इथेही ‘काल’च विचारतात. मग एक बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. ग्राहक म्हणतो, बटण दाबलं की कधीकधी पान कोरं येतं. ‘कधीकधी’ हा या धंद्यातला सगळ्यात वाईट शब्द. स्वतःच्या मशिनवर शंभरदा दाबलं तरी पान नीट येतं. दुपारपर्यंत लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने आपोआप ठेवलेल्या नोंदी, वाचायचे, एक तर्क बांधायचा, तो मोडायचा. चार वाजता कळतं की एका ठिकाणी तारीख वेगळ्या पद्धतीने लिहिली जातेय. दुरुस्ती एका ओळीची. ती ओळ सहकाऱ्याकडे रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, जाते, तो एका नावावर हरकत घेतो, अर्धा तास वाद. संध्याकाळी मोजायला गेलं तर दिवसभरात एक ओळ. असा दिवस ज्याला ‘मस्त गेला’ वाटतो त्याने हे काम खुशाल करावं. ज्याला वाटतं की आज काहीच झालं नाही, तो पगार कितीही असो, दोन वर्षांत कुरकुरायला लागतो. तू कुठली, हे मला पत्रावरून कळणार नाही. पण भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सर्किट चालत नसताना तू काय करायचीस, ते आठव. वायर शोधत बसायचीस की शेजारच्या टेबलावरची रीडिंग उतरवायचीस?

खरं सांग, वहीत नको लिहूस.

मामाच्या ‘मीटिंगा’बद्दलही दोन शब्द. तो थट्टा करत नाहीये. हेन्री मिंट्झबर्ग हे कॅनडाचे व्यवस्थापनाचे अभ्यासक. त्यांनी पाच संस्थांच्या पाच प्रमुखांसोबत प्रत्येकी एक आठवडा काढला आणि ते काय करतात ते टिपलं. निष्कर्ष १९७३ मध्ये आले. त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती. तासाभरापेक्षा जास्त चाललेली कामं दहातलं एक. म्हणजे शांतपणे विचार करून मोठे निर्णय घेणारा साहेब बहुतेक आपल्या कल्पनेतच. प्रत्यक्षात दार उघडतं, कुणी विचारतं, फोन येतो, सही होते, पुन्हा दार. मला फोनने पळवून लावलं. मामासारख्या माणसाला त्याच फोनशिवाय करमत नसेल. माणसं अशी वेगवेगळी असतात आणि व्यवसाय निवडताना नेमकं हेच बघायचं राहून जातं. आपल्याला तुकड्यातुकड्यांचा दिवस मानवतो की सलग?

वाट बघण्याचं काय, तेही विचारत जा. पुष्कळ कामांत वाट बघणं हाच मोठा भाग असतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मालट्रकचा चालक माल उतरण्याची वाट बघतो. नट दिवे लागण्याची वाट बघतो. वैमानिक दार बंद होण्याची. आणि गप्प बसणंही कुठेकुठे कामाचाच भाग असतं: अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की विमान १०,००० फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये कामाखेरीज एक शब्द बोलायचा नाही. मला हा नियम आमच्या लॅबच्या फोनला लावावासा वाटायचा.

विचारायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. वरच्या माणसाला विचारू नकोस. वीस वर्षं झालेला माणूस जे काम करतो ते तुला पंधरा वर्षं मिळणार नाही, आणि त्याला सुरुवातीचे दिवस आठवतात ते एकतर सोन्याचे किंवा नरकाचे. जो या कामात दोन-तीन वर्षं आहे त्याला गाठ. त्याचा नवेपणा गेलेला असतो आणि सवय अजून पुरती झालेली नसते, त्यामुळे बोचतं ते त्याला सांगता येतं. जमलं तर अर्धा दिवस सोबत बसायची परवानगी माग. अर्धाच, आणि दुपारनंतरचा. सकाळी पाहुण्यासमोर सगळे नीट वागतात, तीननंतर कुणाचं लक्ष राहत नाही. मग दिसेल ते खरं.

दगडावरची रेघ समजू नकोस यातलं काही. मी लॅबमध्ये जायच्या आधी हे सगळं विचारलं असतं तरी कदाचित गेलेच असते. त्या घंटीसाठी. आणि फोनचं उत्तर मिळालं असतं तर निदान पहिल्याच महिन्यात वरिष्ठांना म्हटलं असतं की स्लाईडचं टेबल फोनपासून लांबच्या खोलीत हलवा. मी गेल्यानंतर त्यांनी ते हलवलं, असं ऐकते.

सुरुवात घरातूनच कर, पण आई ड्युटीवरून दारात पाऊल टाकते तेव्हा नको. त्या वेळी तिच्या डोक्यात पुढच्या शिफ्टला दिलेलं हँडओव्हर अजून चालू असतं: अमुक सांगितलं का, सलाईनचा वेग लिहिला का. नर्सिंगमध्ये म्हणतात, लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही. आणि घरी येताना बसमध्ये तिला नेमकं तेच आठवत असणार. औषधं देताना प्रत्येक वेळी पाच गोष्टी ताडायच्या, रुग्ण तोच का, औषध तेच का, मात्रा, देण्याचा मार्ग, वेळ. तीस रुग्ण धरले तर एका फेरीत दीडशे वेळा स्वतःला प्रश्न. मध्येच कुणी नातेवाईक खांद्याला हात लावून विचारतो, ‘डॉक्टर कधी येणार?’, आणि तिसऱ्या प्रश्नावरून पुन्हा पहिल्यावर. असा दिवस दारातल्या दारात सांगायचा तर ‘नेहमीसारखाच’ हेच म्हणता येतं.

तिच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, ती काहीतरी निवडत किंवा घड्या घालत बसली असेल तेव्हा जवळ बस. ‘दिवस कसा होता’ विचारू नकोस. विचार, ‘आई, काल वॉर्डात शिरल्यावर आधी कुठल्या बेडपाशी गेलीस?’ ती सांगेल तो आकडा ऐक आणि म्हण, ‘त्याच का?’